झिजलेला अंगठा

कोपरी, ठाणे
मंगळवार, फेब्रुवारी १९५१

आज मी चुकले का? नाही. तरी लिहून ठेवते.

मिठागरावर काम करणारी सोनूबाई आज चौथ्यांदा रेशनकार्डासाठी आमच्या कचेरीत आली. शाई लावून तिचा अंगठा मी अर्जावर टेकवला, तर नुसता काळा डाग उठला. रेषाच नाहीत.

"मिठानं खाल्ला गो बाय," ती म्हणाली. "आता दुसरा कुठशी आनू?"

साहेबांनी डाग पाहून नेहमीचा शेरा सांगितला: अंगठा अस्पष्ट, अर्ज परत. याआधी तीनदा तो शेरा मीच लिहिलाय. तेव्हा कुठे गेली होती माझी अक्कल?

आज त्या डागाखाली लिहिलं, "अंगठा मिठागराच्या कामाने झिजला आहे. बाई समक्ष हजर आहेत." खाली माझी पूर्ण सही.

साहेब म्हणाले, "बाई, उद्या आल्यावर आधी ते खोडा."

नोकरी जाईल? गेली तर... नको, जाऊ नये. पण मी खोडणार नाही. ते लिहिलेलं साहेबांना एवढं खुपत असेल, तर त्यांनीच खोडावं आणि शेजारी स्वतःची सही करावी. त्यांची सही तर चांगली स्पष्ट येते.