तीन मिनिटांची हडळ

७ डिसेंबर १९७२, गुरुवार

भूत माझ्या वाट्याला आलं!

बी.एड.च्या वर्गात आम्ही बासष्ट जण, आणि गोष्ट लिहायची मी. जोर्वेकर सर आम्हाला दृक्‌श्राव्य साधने शिकवतात. त्यांच्याकडे मेहुण्याने आफ्रिकेहून आणलेला लहानसा सिनेमाचा कॅमेरा आहे. रोल एकच उरलाय, जेमतेम तीन मिनिटांचा. स्नेहसंमेलनासाठी वर्गाने त्यावर काहीतरी करावं, म्हणाले. छगन उठला — "सर, तीन मिनिटांत तर नुसत्या नावांच्या पाट्याच व्हतील." सर हसले. "मग ट्रेलर काढा. सिनेमा येणारच नाही, पण लोक वाट बघतील."

हात वर करून मतं घेतली. भुताचा ट्रेलर! छगन म्हणाला, "ताई खेड्यातल्या. त्यांच्याकडं भुतांना काय तोटा?" सगळे हसले. मीही हसले.

१२ डिसेंबर

काही सुचत नाही. बी.ए.ला असताना 'अंधश्रद्धा: समाजाला लागलेली कीड' या भाषणाला पहिलं बक्षीस मिळवलेली मुलगी आता उलट्या पायांची चित्रं काढत बसली आहे.

छगनची यादी — पांढरं पातळ, लिंबू, घुबड. "घुबड कुठून आणणार?" तर म्हणे, "मी बसतो की झाडावर, फरक कळायचा न्हाई."

१४ डिसेंबर

सरांना चार पानं दाखवली. त्यांनी वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "हे भूत येतं कशाला?" घाबरवायला, मी म्हटलं. "ते आपलं काम झालं. भुताला स्वतःला काहीतरी हवं असतं. तिला काय हवंय ते आधी शोधा. मग कॅमेरा हातात देतो."

पानं फाडली.

१५ जानेवारी १९७३, सोमवार

संक्रांतीला घरी आले. ओढा कोरडाठाक, बायका विहिरीवर रांगेत. मी वही घेऊन गेले. गावात कुठे काय दिसतं, विचारत होते. कुणी वेशीजवळचा मुंजा सांगितला, कुणी चिंचेवरचा. मग छबूबाई बोलली — "लांब कशाला हुडकती गं? तुजी वहिनीच दिसती की वड्याला. केस मोकळं सोडून, खाली वाकून कायतरी वेचत असती. आमच्या ह्यांनी पाह्यलंय." बाकीच्या तिला कोपरानं ढोसायला लागल्या. ती म्हणाली, "आता? तीच इचारती हाय ना!"

वहीत मी लिहून घेतलं. 'वेचत असते.' त्याखाली रेघ मारली. किती छान, असं मनात आलं.

त्याची आता लाज वाटते आहे.

१६ जानेवारी

झोप नाही. लिहूनच टाकते.

एप्रिल एकाहत्तर. बी.ए.चा शेवटचा पेपर होता. दादाने सकाळी बैलगाडीतून कोल्हारला एसटीवर सोडलं. तिन्हीसांजेला परत आले तर दारात माणसं. चांगुणावहिनी गेली होती, पोटातलं बाळही गेलं होतं. अचानक कळा सुरू झाल्या, आई म्हणाली. गाडी परत आली तोवर दवाखान्यात न्यायची वेळ निघून गेली. दवाखाना उलट्या रस्त्याला, चार कोस.

बाळंतपणात गेलेली बाई माघारी येते म्हणतात. म्हणून तिला नेताना उंबऱ्यापासून शिवेपर्यंत मागे राळे टाकत जातात. अगदी बारीक दाणे. घरी यायचं तर तिने एकेक दाणा वेचायचा. वेचता वेचता उजाडतं आणि ती परत फिरते. रोज पहिल्यापासून.

राळ्यांचं सूप कुणी हातात घेईना. आई म्हणाली, "तू शिकलेली. तुला कसलं भ्या?" मी घेतलं. भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही. उंबऱ्यापासून मूठ मूठ टाकत गेले. एकही जागा सोडली नाही. नीट टाकले — मी कोणतंही काम नीटच करते.

माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होती. मला 'वन्सं' म्हणायची आणि माझ्या पुस्तकांतली चित्रं बघायची.

१७ जानेवारी

आईला विचारलं, वहिनीला काय हवं असेल? "मेलेल्या मानसाला काय हवं आसनार? पोर हवं आसंल. घर हवं आसंल. दिवेलागनीला असलं इचारू नगं." 

दादाला विचारायला गोठ्यात गेले. त्याने बैलांपुढे कडबा टाकला, मग पुन्हा तोच कडबा उचलून दुसरीकडे टाकला.

रंगुबाई सुईणीकडे गेले. ती म्हातारी आता कुणाच्या बाळंतपणाला जात नाही. दारात बसून तंबाखू मळत होती. म्हणाली, "जित्ती हुती तवा कुनी इचारलं न्हाई तिला. आता इचारती व्हय?"

मी कॉलेजला परतताना दादा एसटीपर्यंत आला.

२२ जानेवारी

ट्रेलर लिहून झाला. हडळ नाही, पांढरं पातळ नाही. एक उंबरा. एक हात राळे टाकतो. मग एक बाई वाकून वेचते. वेचत वेचत घराकडे सरकते. घरातून कुणीतरी दार लावून घेतं. शेवटी पाटी — 'तिला काय हवंय?'

छगन ओरडला, "बेस्ट! ट्रेलरमदी उत्तर द्यायचंच नसतं." सर मात्र माझ्याकडे बघत राहिले. "प्रेक्षकांना नका सांगू. पण तुम्हाला तरी माहीत आहे का?"

हो म्हटलं. घर हवंय, म्हटलं.

खोटं बोलले. मला माहीत नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

चित्रीकरण झालं. वसतिगृहामागच्या पडक्या खोलीचा उंबरा घेतला. वर्गातली सुमन वेचणारी बाई झाली. हिरवं लुगडं, मोकळे केस. छगनने दाराला आतून दोरी बांधली होती, ओढायला.

पहिल्यांदा सगळे खिदळत होते. मग सुमन वाकली. कॅमेऱ्याची घरघर सुरू झाली आणि सगळे गप्प झाले. दुष्काळी कामावर सांडलेली मिलो ज्वारी वेचणाऱ्या बायका दिसतात ना, तशीच दिसत होती. घाईत, खालमानेने. मध्येच तिने पदराने घाम पुसला. मी सांगितलं नव्हतं!

सर हळूच म्हणाले, "यात भीती कुठे आहे? ही तर घरी यायला निघालेली बाई."

राळे टाकणारा हात मात्र माझा होता. दुसऱ्या कुणाला नीट जमेना.

५ फेब्रुवारी

रोल धुवायला मुंबईला गेला.

सुमन म्हणाली, "दार लावलं तेव्हा मला खरंच रडू आलं गं." मला नाही आलं. मला आतल्या बाजूची सवय आहे.

६ फेब्रुवारी

दादाला पत्र टाकलं. सगळं लिहिलं — राळे, उंबरा, पाटी. तुला न विचारता वहिनीला सिनेमात घातलं. रागावलास तर रोल आला की मी सरांकडून मागून घेईन आणि चुलीत घालीन. वर्गाचं काय व्हायचं ते होवो. फक्त एवढं सांग, तिला काय हवं होतं? तुला माहीत असेल. दुसऱ्या कुणाला नाही.

९ फेब्रुवारी

उत्तर नाही.

११ फेब्रुवारी, रविवार

दादा स्वतः आला. वसतिगृहाच्या फाटकाशी उभा होता. आत ये म्हटलं तर आला नाही. रागावलेला नव्हता.

"इचारलंस ना, काय हवं हुतं? तुजा पेपर व्हावा. एवढंच. कोंबडं आरवल्यापासनं कळा येत हुत्या तिला. मला शपथ घातली — वन्संना कळलं तर त्या जायच्या न्हाईत. आदी कोल्हार, मंग दवाखाना."

त्या सकाळी एसटी यायची वाट न बघताच दादाने गाडी वळवली होती. मागे न बघता बैल पळवत गेला होता. मला राग आला होता.