डावी-उजवी सरासरी

बाबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण तुमच्या गळ्याच्या हाडावरच्या खळग्याचं तापमान माझ्याकडे अजून आहे. आकडे दोन आहेत, एक डावीकडचा आणि एक उजवीकडचा. माझ्या प्रबंधात मात्र तुम्ही एकाच आकड्याने आहात, कारण मी त्या दोघांची सरासरी काढली. त्या सरासरीबद्दल लिहायचं आहे.

मी काय मोजत होते हे तेव्हा तुम्हाला धड सांगितलं नव्हतं. माणसाच्या अंगात एक तपकिरी चरबी असते. पोटावर साठते ती नव्हे; ही थंडी लागली की स्वतः जळते आणि अंग गरम ठेवते. तान्ह्या मुलांत ती भरपूर असते, मोठ्यांत थोडी उरते, बहुतेक मानेत आणि गळ्याच्या हाडामागे. ती थेट पाहायची तर मोठी, महागडी तपासणी लागते. म्हणून आम्ही वरची कातडी मोजतो. थंडी दिली की छातीवरची कातडी निवत जाते, पण त्या खळग्यावरची तेवढी निवत नाही. त्या फरकावरून आत चरबी किती पेटली असेल याचा अंदाज बांधायचा. अंदाजच. कातडी आणि चरबी यांच्यामध्ये बरंच काही असतं, आणि कातडी गरम असायला दुसरीही कारणं असतात. हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे. मीच लिहिलेलं.

जानेवारीची सकाळ. भुईगावच्या घरामागे, पडवीत, तुम्ही उघड्या अंगाने स्टुलावर बसला आहात. तुम्ही जन्मभर पहाटे वाडीत थंड पाण्यात उभे राहून केळी शिंपलेली, म्हणून तुमच्यात ही चरबी जास्त सापडेल असं मला वाटतं आहे. कातडीची उष्णता टिपणारा कॅमेरा कॉलेजातून चार दिवसांसाठी मागून आणलेला. हात बुडवायला बादलीत बर्फ हवा, तो मी वसईच्या बाजारातल्या कोळणीकडून आणला. त्याला मासळीचा वास येतो आहे.

"मला काय पापलेट समजलीस?" तुम्ही म्हणता.

आई दारातून बोलते, "थंडीत बापाला उघडं बसवलंय. वर आम्ही लोकांना सांगायचं, पोरगी शिकते."

"अगं, चरबी शोधतेय ती माझ्यात. आपल्या घराण्यात कुणाला सापडली नाही, हिला सापडू दे." आई हसत आत जाते.

बर्फात हात घालायच्या आधी पहिलं चित्र घ्यायचं असतं. ते मी घेतलं. पडद्यावर तुमची डावी बाजू उजवीपेक्षा जवळजवळ एक अंशाने गरम होती. थंडी लागायच्या आधीच. तपकिरी चरबी असं करत नाही, निदान एकाच बाजूला करत नाही. मला हे माहीत होतं. पण मला राग आला, कारण मोजणीआधी तासभर कुठलंही काम करायचं नाही असं मी तुम्हाला बजावलं होतं, आणि तुम्ही केळीचे घड खांद्यावरून रस्त्यापर्यंत नेऊन आला होतात.

"डाव्या खांद्यावर घड घेतलात ना? बघा, घासून गरम झालाय."

"टेम्पोवाला तुझ्यासाठी थांबतो होय?" मग तुम्ही म्हणालात, "पण डावीकडे कुठे? मी हल्ली उजवीकडेच घेतो. डावीकडे काहीतरी रुततं."

आणि तुम्ही ते कुठे रुततं हे दाखवायला हात उचललात.

"बाबा, हलू नका. आकडा बदलतो."

तुम्ही हात खाली घेतलात. मी वहीत लिहिलं: डावा खांदा, ओझ्याचं घर्षण. संध्याकाळी दोन्ही बाजूंची सरासरी काढली. ती छान आली. मला हवी होती तशी.

मे महिन्यात तुमचं जेवण कमी झालं. डॉक्टरांनी तुमच्या मानेला हात लावला आणि त्यांची बोटं डाव्या खळग्यात थांबली. त्यांना यंत्र लागलं नाही. कॅन्सरचं मूळ पोटात होतं, गाठ मानेपर्यंत आली होती. गणपतीच्या आधी तुम्ही गेलात. मी डॉक्टरांना एकदाच विचारलं, जानेवारीत कळलं असतं तर? ते म्हणाले, फार फरक पडला नसता. फार म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. एरवी मी असा शब्द कुणाचाही सोडत नाही.

आई आजही आल्यागेल्याला सांगते, "एवढी शिकलेली पोरगी, तिने मशीन लावून बघितलं, तिलाही दिसलं नाही. म्हणजे दिसण्यासारखं नव्हतंच." मी चहा ओतत असते. तिच्या मनाला त्याने आधार आहे, म्हणून मी बोलत नाही, असं मी स्वतःला सांगते. हा कागद जिने वाचावा अशी आता ती एकटीच उरली आहे, आणि तिला मी तो दाखवणार नाही.

हल्ली मी आपल्याच भागातल्या वाडीत राबणाऱ्या बायांची मोजणी करते. हाताखालच्या मुलींना माझा एक नियम पाठ आहे: डावं-उजवं वेगळं लिहायचं, सरासरी काढायची नाही. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही. गेल्या महिन्यात आगाशीची एक फुलवाली बाई आली. तिची डावी बाजू गरम होती, थंडी लागायच्या आधीच. मी त्याच दिवशी तिला चिठ्ठी देऊन डॉक्टरांकडे पाठवलं. आठवडाभर माझं कामात लक्ष नव्हतं.

मग तिचा फोन आला. "मॅडम, काही नाही निघालं! उगाच जीव काढलात. सासूने माझ्यासाठी दोन नवस बोलून ठेवलेत, ते आता तुम्ही फेडा."

मी माफी मागितली. फोन ठेवल्यावर वाटलं, म्हणजे तेवढा फरक कुणाचाही येऊ शकतो, आणि त्या सकाळी तुमच्या कातडीने मला काहीच सांगितलं नसेल. एका माणसावरून दुसऱ्याबद्दल काही सिद्ध होत नाही, हे मी दर वर्षी शिकवते. शिवाय तुम्ही तोंडाने सांगितलं होतं, त्याला कातडीची गरज नव्हती. हेही मला कळत होतं. तरी त्या दिवशी दिवसभर मला बरं वाटलं. तिच्यासाठी नाही.