गालाला लावलेला फोन

चि. शंतनूस आशीर्वाद.

दिवाळीला येत नाही हे तू आईला फोनवर सांगितलंस. ती "छान, छान" म्हणाली, तर लगेच मला मेसेज, 'आईला मी नकोसा झालोय.' मूर्खा, तिला ऐकूच येत नाही! काल पडावच्या दवाखान्यात तिचे कान तपासून आणले. "मशीन से भी फायदा नहीं, दीदी," डॉक्टर म्हणाले. वर्षभर ती तुझ्याशी अंदाजाने बोलतेय.

परतताना टेम्पोत म्हणाली, "त्याला कळलं तर तो तुझ्याशीच बोलेल. तो बोलतो तेव्हा फोन गालाला थरथरतो गं. तेवढं पुरे मला. तुला माझी शपथ."

म्हणून हे पत्र टाकणार नाही. पण रविवारी फोन कर रे. रागावून बोललास तरी चालेल, तिच्या गालाला ते सारखंच.

तुझी,
अक्का