रुमाल आणि स्कार्फ

खांडबारा,
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

मिथुनराव,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल. रोज फोनवर बोलतो तरी पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर तुम्ही मला मध्येच थांबवता, पत्राला थांबवता येत नाही.

काल नंदुरबारला त्वचेच्या दवाखान्यात गेले होते. नको तिथे नाक खुपसायचा माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. बाकावर बसून कोणाला काय झालंय याचा शोध सुरू केला. मला वाटायचं, तिथे गजकर्ण, इसब असलंच काही घेऊन माणसं येतात. तशी होती, पण थोडी. बाकी सगळी पिंपल्सवाली! कॉलेजच्या मुली, एक कंडक्टर, एक लेकुरवाळी, चक्क एक मास्तरसुद्धा. सगळ्यांची तोंडं बांधलेली. पाणी प्यायला कोणी रुमाल खाली घेतला की बाकीचे छताकडे बघत.

माझ्या एका बाजूला गजकर्णाने बेजार झालेल्या सुगंधाबाई, दुसऱ्या बाजूला निळा रुमाल बांधलेला एक जण. बाईंनी माझ्यावरून वाकून त्याला विचारलं, "तुले काय व्हयनं रे भाऊ?"

"मुरूम शेतस, मावशी. लगीन ठरेल शे, पन रविवारले नाही सांगी टाकसु. तिनी दखं तवय मन्हं तोंड साफ व्हतं. आते तिले फसाडू का?"

"तिले इचारं का, बावळा?"

आवाज ओळखीचा वाटला. मी माझा स्कार्फ डोळ्यांपर्यंत वर ओढला. तेवढ्यात कंपाउंडर ओरडला, "मिथुन, कोरीट!" आणि तुम्ही उठलात.

मी तिथे कशाला होते, ते अजून लिहिलंच नाही. सुपारी फुटली तेव्हापासून लग्नात उजळ दिसावं म्हणून मेडिकलवरचं क्रीम चोपडत होते. दोन्ही गालांवर नुसतं पीक आलंय. व्हिडिओ कॉलला सांगते तसा माझा कॅमेरा बिघडलेला नाही. आणि तुमच्या गावची रेंज का जाते, तेही आता कळलं! कोणाला कळू नये म्हणून दवाखान्यात चुलतबहिणीचं, प्रतिभाताईचं नाव दिलं. ती तुमच्या गावी, कोरीटलाच दिलेली, म्हणून हे पत्रही तिच्याच हाती पाठवतेय.

डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "बाहेर बसलेत ते बहुतेक तुझ्याच दुखण्याचे. लपवतेस कोणापासून?" ज्याच्यापासून लपवत होते तो माझ्याआधीच आत जाऊन आला होता. काय सांगणार!

तुमचा राग आला. मला न विचारता माझं उत्तर तुम्हीच ठरवलंत? पण मला फसवायचं नाही म्हणून ठरलेलं लग्न मोडायला निघालात, हे आठवलं की राग टिकत नाही. मला तुम्हीच हवे आहात, मुरमांसकट.

रविवारी तारीख काढायला या. मी स्कार्फ बांधणार नाही. नाही म्हणायचंच असेल, तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणा.

दवाखान्यात तुम्ही खरं नाव दिलंत, मी नाही दिलं. म्हणून इथे माझं नीट लिहिते.

तुमचीच,
मयूरी, खांडबारा