बेक नावाचा कुणी राहत नाही

११ जून १९४०

आज टपालकचेरीत माझा अपमान झाला!

यांग बोंग-चोल — याचे लहानपणीचे वाहते नाक मी पाहिले आहे — छातीवर ‘यानागावा’ अशी नव्या जपानी नावाची पाटी लावून खिडकीत बसला होता. हातात पाकीट. अक्षर माझ्या मुलाचे, दोक-सूचे! त्याला जपानातल्या होक्काइदोच्या कोळसाखाणीवर नेल्याला सात महिने झाले. हे पहिले पत्र.

“आजोबा, यावर बेक लिहिलंय. कोरियन नावं बंद, आता जपानी नावाचंच टपाल वाटायचं.”

“अरे, मी समोर उभा आहे ना!”

“तुम्ही दिसताय हो. पण यादीत नाही. नोंदणीत नाव बदला, चिठ्ठी आणा, पत्र न्या. एकवीस तारखेपर्यंत ठेवतो. मग परत.”

परत — ‘या नावाचा कुणी येथे राहत नाही’ असा शिक्का मारून!

१२ जून

आमचे आडनाव बेक, म्हणजे शुभ्र. जपानी सरकार म्हणते, त्याला नदी जोडा, ‘शिराकावा’ व्हा. माझे नाव धुवायला नदी कशाला?

१५ जून

रेल्वेने माझ्या कागदाचे गठ्ठे परत केले. त्यांवरही बेक. तुतीच्या सालीचा कागद, चाळीस वर्षांचा धंदा. कुजू दे. मी चौथीपर्यंतच शिकलो. परंतु स्वतःचे नाव चुकीचे लिहिण्याइतका अडाणी नाही.

१८ जून

बायको म्हणाली, “अहो, नाव काय उकडून खायचंय? पोराचे हात शाबूत आहेत का, एवढं तरी कळू द्या.”

मी म्हणालो, अक्षर त्याचेच आहे. अर्थात हात शाबूत आहे.

“एक,” ती म्हणाली.

मी जेवण टाकून उठलो.

२० जून

बायको बोलत नाही. उद्या शेवटचा दिवस.

२१ जून

गेलो. आधी नोंदणी, मग टपाल. ‘शिराकावा’ अशी सही केली. अक्षर वळणदार आले — त्याचाही संताप आला!

यांग म्हणाला, “बघा आजोबा, किती सोपं होतं!”

पत्र चार ओळींचे. “बाबा, दोन्ही हात ठीक आहेत. हे पत्र बाहेर जाणाऱ्या एकाकडे देतोय. इथे हजेरीला जपानी नावाने पुकारतात. मी ओ देत नाही, म्हणून मारतात. पण तुम्ही तिकडे वाकला नसाल, एवढ्यावर दिवस काढतो.”

२२ जून

उत्तर लिहून झाले आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नोंदणीतले नाव लिहिल्याशिवाय टपाल घेत नाहीत.