शेवटची तांबडी

७ फेब्रुवारी

आज त्याने पाण्याची बाटली पालथी केली! तो म्हणजे शेजारचा औषधवाला. त्याच्या दुकानाला खिडकी नाही, म्हणून डबा खायला आमच्या चष्म्याच्या दुकानात येतो. झाकण उघडण्याआधी बाटली सावकाश पालथी, मग सुलटी. माझ्या हातातली काच घासायची राहिली.

असं फक्त आमच्या गावचे लोक करतात. तांबडीचा पाक तळाशी बसतो ना, म्हणून. लवंग, करपलेली साखर आणि नाकात चढणारा सोडा — ही आमची तांबडी, गावच्याच कारखान्यात बाटलीत भरलेली. गावाबाहेर कुणाला नावही ठाऊक नसतं. सवय मात्र हाताला चिकटते. मी अजून साधं पाणीसुद्धा तसंच पिते.

८ फेब्रुवारी

विचारायचा धीर झाला नाही.

११ फेब्रुवारी

पुन्हा पालथी केली. मी काच घासता घासता मनाने थेट गावातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात. बर्फाच्या पेटीत हात घातलेला, दंडापर्यंत गार. शेजारी तोही उभा, लहानसा, नाकातून सोडा येईपर्यंत हसणारा. मालकांनी हाक मारली तेव्हा कुठे भानावर आले.

या शहरात आल्यापासून मी सगळ्यांशी चष्म्याच्या नंबराबद्दलच बोलते. खूप एकटी पडलेय. तो गावचा निघाला तर?

दादाने दिलेली एक तांबडी कपाटात आहे. जिवापाड जपलीय. उद्या नेणार.

१२ फेब्रुवारी

फजिती! कुठलं गाव आणि कुठलं काय.

"अहो, पातळ औषधं हलवायची सवय," म्हणाला. "पाणीही हलवतो. आई हसते मला."

बाटली तर उघडून बसले होते. एक घोट घेऊन त्याने तोंड वाकडं केलं. "हे तर खोकल्याचं औषध!" अस्सा राग आला. मग तोच म्हणाला, "अजून थोडं घेऊ?"

दोघांनी मिळून संपवली. बाटली धुऊन आणतो म्हणून घेऊन गेला. घरी येऊन कपाटातली रिकामी जागा पाहिली आणि रडले.

१५ फेब्रुवारी

दादाचा फोन. म्हटलं, येताना तांबडी आण.

"ठमे, कारखाना बंद पडला गं. कारखान्याचे म्हातारे मालक गेले, त्यांच्या मुलांना त्यात रस नाही. तुझ्याकडे एक आहे ना? ती ठेव जपून."

हो म्हटलं. काय सांगणार!

१६ फेब्रुवारी

औषधवाल्याला कारखान्याचं सांगितलं. त्याने डबा तसाच बंद केला. एवढंच विचारलं, "लवंगच होती ना त्यात?"

२२ फेब्रुवारी

त्या दिवसापासून तो फिरकलाच नाही.

१ मार्च

माझ्या टेबलावर तीच बाटली. गच्च भरलेली. तो दारात उभा, पाकाने बोटं तांबडी झालेली.

पालथी केली, सुलटी केली, उघडली. चव मुळीच तशी नव्हती.

सगळी प्यायले.