पदरची वाक्यं

ती. वन्संना,

नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? आमच्याकडे सगळे खुशाल. तुमचे बंधुराज तर जरा जास्तच. (पत्र त्यांच्याबद्दलच आहे, तेव्हा चष्मा लावून बसा.)

हॉस्पिटलातून निवृत्त झाल्यापासून हे आहारावर पुस्तिका लिहितात आणि मी त्या फ्रेंचमध्ये करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कॉन्व्हेंटमधल्या मदरनी शिकवलेलं फ्रेंच असं उतारवयात कामी आलं. (बिचाऱ्या मदर! माझं क्रियापद चुकलं की डोळे त्यांचे भरून यायचे.) आता एका प्रकाशकाला त्याच पुस्तिका फ्रेंचवरून क्रोएशियन भाषेत हव्यात, आणि अनुवादक शोधायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात.

मला क्रोएशियनचं अक्षर कळत नाही, म्हणून प्रत्येकाकडून नमुन्याचं एक पान करून घेतलं आणि तेच परत फ्रेंचमध्ये सांगायला लावलं. पहिले गृहस्थ जहाजावरचे निवृत्त आचारी. दोन्ही भाषा फाडफाड; पण रक्तदाबाच्या पानावर त्यांनी मीठ दुप्पट केलं. का, तर "बाई, एवढ्याशा मिठात चव कुठली यायला?" दुसरे कोर्टाचे कागद करणारे. त्यांच्या हातचं गाजर म्हणजे "सदर गाजर", आणि ते न खाल्ल्यास होणाऱ्या परिणामांस वाचक स्वतः जबाबदार. तिसरी एक बाई; काम तिलाच दिलं. नमुना इतका निर्दोष, की माझ्या पोटात तेव्हाच दुखायला हवं होतं.

ही बाई शंकांची यादी पाठवते. वाटाणे किती वेळ शिजवायचे, मऊ म्हणजे किती मऊ. मी भाबडी, यादी आपल्या भाषेत करून ह्यांच्या हातात देते. चाळीस वर्षांत ज्यांना घरातली चाळणी कुठे असते ते माहीत नव्हतं, ते आता घड्याळ घेऊन माझ्या शेगडीपाशी उभे असतात. तिची मेल उघडण्याआधी दाढी करतात. संगणकाला दिसतं का हो, वन्सं?

परवा सतरावी शंका आली: "आजारी माणसाला एकट्यानं जेवायला बसवू नका; समोर कुणी असलं की दोन घास जास्त जातात" हे वाक्य फार आवडलं, ते कोणत्या अभ्यासातून घेतलंत? वन्सं, ते वाक्य माझं! ह्यांचं लिखाण म्हणजे नुसते ग्रॅम आणि चमचे. अनुवाद करता करता मी थोडं पदरचं घालत आले. मी चाचरत ती शंका ह्यांना वाचून दाखवली. आणि हे? गालात हसून म्हणाले, "अनुभवातून आलंय, असं कळव तिला." आणि तेही फ्रेंचमध्ये मीच कळवलं! तोंडासमोर पेपर धरून जेवणारा हा माणूस. ती भारावली, हे फुलले, आणि मी मधली टपालपेटी.

तुमची,
भावजय

ता. क. खरं काम असं. ह्यांनी तुमच्याकडे जपायला दिलेल्या मूळ लिखाणाच्या वह्या तुमच्या कपाटात आहेत. त्या ताबडतोब माझ्या नावावर पाठवा. ते वाक्य त्यांत कुठेच नाही, हे मला बोट ठेवून दाखवायचं आहे.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज दुपारी ह्यांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली आणि माझ्यासमोर जेवायला बसले. मी घाबरून विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणाले, "अगं, आपणच लिहिलंय, मग पाळायला नको?" वन्सं, मला दोन घास जास्त गेले. वह्या पाठवू नका. कपाटाला कुलूप लावा, आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरून जा.